‘टीसीबी’मध्ये रफिन नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

9 डिसेंबर 1968 रोजी अमेरिकेत एनबीसी या दूरचित्रवाहिनीवर झालेल्या, ‘द सुप्रीम्स’ आणि ‘द टेम्प्टेशन्स’ या दोन गायकगटांच्या ‘टीसीबी’ या तासाभराच्या कार्यक्रमावरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. सोल संगीतावर मराठीत कोणी लिहिते हेच अप्रूप. पण लेखात गायकांची नावे दोन्ही गटांच्या जुन्या संचातली पडली आहेत. डेव्हिड रफिन यांना त्याच वर्षी जूनमध्ये ‘द टेम्प्टेशन्स’मधून काढले होते आणि त्यांच्या जागी ‘द कॉन्टूर्स’ या दुसऱ्या गटातून डेनिस एडवर्ड्स आले होते. ‘द सुप्रीम्स’मध्येही फ्लॉरेन्स बॅलार्ड नव्हत्या. 1967 पासून डायना रॉस आणि मेरी विल्सन यांच्यासोबत सिंडी बर्डसाँग होत्या.

टेम्प्टेशन्सना ‘रॉस यांचे साथीदार’ म्हणणे तर अगदीच अन्यायाचे. एडी केंड्रिक्स यांचा वरचा नाजूक फॉल्सेटो (नेहमीच्या पट्टीपलीकडचा पातळ आवाज), तळाशी मेल्विन फ्रँकलिन यांचा बेस म्हणजे खर्जाचा आवाज, मध्ये ओटिस विल्यम्स आणि पॉल विल्यम्स, आणि पुढे एडवर्ड्स यांचा खरखरीत, चर्चमधल्या गायकीत मुरलेला आवाज. पाचही जण वेगवेगळ्या उंचीवर गातात, म्हणून एक आवाज बदलला की सगळ्या गटाचा रंग बदलतो. ‘फॉर वन्स इन माय लाइफ’ पॉल विल्यम्स गातात. एरवी मागच्या ओळीत राहणाऱ्या या गायकासाठी तरी ते गाणे ऐकावे.

इंटरनेटवरच्या या कार्यक्रमाच्या प्रती पाहताना मात्र सांभाळावे. मूळ चित्राची रुंदी-उंची 4:3 या प्रमाणात आहे. टीव्ही ‘वाइड’वर असेल तर माणसे आडवी फुगतात. अमेरिकी व्हिडिओत सेकंदाला सुमारे 60 अर्धचित्रे असतात. जोडणी नीट न झाल्यास हातांच्या हालचालींवर कंगव्यासारख्या रेघा दिसतात. प्लेअरमध्ये या रेघा घालवणारे ‘डीइंटरलेस’ चालू करावे. प्रत सेकंदाला 30 पूर्ण चित्रांची (चौकटींची) केलेली असेल तर निम्मी हालचाल आधीच गळालेली असते, त्याला इलाज नाही.

सुरांचे दुखणे वेगळे. सेकंदाला 24 चौकटींच्या फिल्मवरून 25 चौकटींच्या युरोपीय टीव्ही पद्धतीत नेलेली प्रत चार टक्के वेगाने पळते आणि सूर जवळजवळ पाऊण अर्धस्वर चढतो. पेटी जुळवून पाहा, सूर दोन पट्ट्यांच्या मध्येच अडकतो. अशा वेळी वेग 0.96 करावा, पण वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारे प्लेअरमधले ‘टाइम स्ट्रेच’ आधी बंद करावे. नाहीतर वेग उतरतो आणि सूर चढलेलाच राहतो.

त्या काळी टीव्हीचा आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा होता. त्यामुळे ‘स्टिरिओ’ लिहिलेल्या प्रतीत एकतर नंतर केलेली फुगवाफुगवी असते किंवा वरून ध्वनिमुद्रिका चिकटवलेली. ओठ आणि शब्द जुळतात का ते पाहावे. आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये: फ्रँकलिन यांचे खर्जातले स्वर 80-100 हर्ट्झच्या आसपासचे, तिथे ते पोचतच नाहीत. निव्वळ गाण्यासाठी या कार्यक्रमाची ध्वनिमुद्रिकाच बरी. 1969 मध्ये ती ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या अल्बम यादीत पहिली आली होती.

कळावे,
एक वाचक, पुणे