मतदानाच्या दिवशी अडवले तर : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. विधानसभा-लोकसभेच्या मतदानासाठी हे लक्षात ठेवा.

केंद्रावर घरी आलेली मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही. मतदार कार्ड, नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, लायसन्स यांपैकी एक मूळ प्रत न्या. कार्डावर नावाची वेलांटी चुकली म्हणून परत पाठवता येत नाही. यादीत नाव मात्र हवेच. नुसत्या कार्डावर मत देता येत नाही. सिडकोतून पंचवटीत गेलेल्यांची नावे बहुधा जुन्याच केंद्रावर असतात, तेव्हा आधी तपासा. पत्ता बदलायचा फॉर्म ८ त्या दिवशी उपयोगाचा नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो : केंद्रावर सांगतात, "तुमचं मत झालंय." म्हणजे तुमच्या नावावर कोणीतरी आधीच मत दिलेले असते. वाद घालत बसू नका, निघूनही येऊ नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत (अशा वेळी कागदावर द्यायचे मत) मागा. ओळख पटली की नमुना १७-ख वर सही घेऊन कागदी मतपत्रिका देतात. ती मशीनमध्ये नाही, पाकिटात जाते.

व्हीव्हीपॅटची (मत कोणाला गेले ते दाखवणाऱ्या यंत्राची) चिठ्ठी सात सेकंदच दिसते, बटण दाबताच तिकडे बघा. दृष्टिहीन किंवा अशक्त मतदाराला १८ वर्षांवरील सोबती आत नेता येतो. वेळ संपताना रांगेत असाल तर मत देऊनच या. तक्रारीसाठी १९५० वर फोन करा.

— व्यवस्थापन समिती, नाशिक