बाबा, जमीनही सोसायटीच्या नावावर हवी

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, काल फोनवर "रिडेव्हलपमेंटचं आता पोरं बघतील" म्हणून तुम्ही विषय संपवलात. माझ्या डोक्यातून तो जाईना, म्हणून लिहिते आहे.

1991 साली सांगलीच्या विश्रामबागेत आपली सोसायटी नोंदली गेली तेव्हा मी दुसरीत होते. सभा आपल्याच हॉलमध्ये व्हायची. आई 16 बिऱ्हाडांचा चहा टाकायची, तुम्ही कार्बन घालून इतिवृत्त लिहायचात. 50 रुपयांचे 5 शेअर, अडीचशेचा तो दाखला आईने देवघराच्या कपाटात दागिन्यांशेजारी ठेवला. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं (धोक्याची पातळी 45!), तेव्हा गावभागातून मावशीचं घर आपल्याकडे आलं, आणखी चार घरं गच्चीवर आणि जिन्यात राहिली. कुणाला राहू द्यायचं, यावर सभा घ्यावी लागली नाही. तुम्ही उभी केलेली सोसायटी ती हीच, असं मला वाटतं.

पण परवा मी मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढलं. जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर आहे. सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत बिल्डरने कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणारा दस्त, करून द्यायला हवं, हे 1963 च्या मोफा या फ्लॅटमालकीच्या कायद्याच्या नियमांतच आहे. तुम्ही त्याच्याकडे घातलेल्या खेपा मला आठवतात. त्याने दिलं नाही, यात तुमची कसूर नाही.

आता त्याच्या सहीवाचून होतं. 2008 च्या दुरुस्तीनंतर मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स मिळतं: जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज, बिल्डरला आणि मालकाला नोटीस, सुनावणी, आदेश, मग दुय्यम निबंधकांकडे नोंदणी. हे आधी झालं नाही, तर इमारत पाडायच्या वेळी वाढीव एफएसआयवर (जास्तीच्या बांधकामाच्या परवानगीवर) हक्क सांगायला दोघेही उभे राहतील. तेव्हा तुमच्या वयाच्या माणसांनी भाड्याच्या घरात किती वर्षं काढायची?

आई, माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेला हात लावू नकोस, गुडघा सांभाळ. नोंदणी दाखला, मंजूर नकाशा, सगळ्यांचे करारनामे आणि त्यांच्या नोंदणीचे उतारे (इंडेक्स टू) त्यातच असतील. शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघते, मी उतरवीन. तळमजल्यावरच्या काकूंचा करारनामा त्यांच्या मुलाकडे इथे पुण्यात आहे, तो घेऊनच येते. बाबा, अर्जाचा ठराव मात्र तुमच्याच अक्षरात हवा.

तुमची,
मनू