बाबांचं पाऊल दारातच का अडतं

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, तू फोनवर म्हणालीस, "जिना भराभर चढतात आणि स्वयंपाकघराच्या दारात खिळल्यासारखे उभे राहतात. मुद्दाम करतात की काय!" बाबा मुद्दाम करत नाहीत गं, पार्किन्सनच्या आजारामुळे होतं ते. फिजिओथेरपीला येणाऱ्या घरोघरच्या माणसांना मी हेच समजावते, तर तुम्हालाही नीट लिहून कळवावं म्हटलं.

बाबा, तुमच्या पायांत ताकद आहे. स्नायूंपर्यंत हुकूम नेणाऱ्या नसाही ठीक आहेत. अडतं ते त्याच्या आधी, मेंदूत. चालताना आपण प्रत्येक पावलाचा विचार करत नाही. मेंदूत खोलवर असलेले बेसल गँग्लिया नावाचे पेशींचे पुंजके ते परस्पर सांभाळतात. एरवी ते हालचालींना आवरून धरतात आणि हवी ती हालचाल हव्या त्या क्षणी मोकळी करतात. त्यासाठी डोपामिन नावाचं मेंदूतलं रसायन लागतं, आणि पार्किन्सनमध्ये ते बनवणाऱ्या पेशीच झिजत जातात. म्हणून पहिलं पाऊल उचलत नाही, सही बारीक होत जाते, शर्टाच्या बटणाशी झगडावं लागतं. मांडीवर ठेवलेला हात थरथरतो आणि कप उचलायला गेलात की थरथर कमी होते, तेही यातलंच.

मग जिना कसा जमतो? पायरी डोळ्यांना दिसते. समोर खूण असली की पाऊल टाकायला मेंदूला बेसल गँग्लियावर तेवढं विसंबावं लागत नाही. म्हणून दाराच्या अलीकडे-पलीकडे, एकेका पावलाच्या अंतरावर, फरशीवर उठून दिसतील अशा रंगाच्या आडव्या पट्ट्या चिकटवायच्या. कानाला मिळालेला तालही असाच कामी येतो. आई, बाबा अडले की दंडाला धरून ओढू नकोस, तोल जाईल. आधी दोघंही थांबा. बाबांनी ताठ उभं राहून वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं, तू "ज्ञानोबा-तुकाराम" सुरू करायचं आणि ठेक्यावर पाऊल पडू द्यायचं. इतकी वर्षं भजनात टाळ धरलाय त्यांनी, ठेका अंगात आहे.

आता गोळी. बाबा, हे तुम्हाला आवडेल: आपल्या सर्पगंधेपासून काढलेलं रेसर्पिन दिल्यावर ससे निपचित पडले, आणि लेव्होडोपा दिल्यावर पुन्हा हालचाल करू लागले. १९५७ साली स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी हे दाखवलं. २००० साली त्यांना नोबेल मिळालं. तुमच्या गोळीत तेच लेव्होडोपा आहे. डोपामिन थेट दिलं तर रक्तातून मेंदूत शिरत नाही; लेव्होडोपा शिरतं आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. पण दूध, डाळ, अंडी यांतली प्रथिनं त्याची वाट अडवतात, म्हणून गोळी दुधाबरोबर नको. जेवणाच्या किती आधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारून पक्कं करू.

शेजारच्या काकांनी दिलेलं खाजकुइलीचं चूर्ण मात्र सध्या डब्यातच राहू दे. त्या बियांतही लेव्होडोपाच असतं, म्हणजे नकळत डोस वाढायचा.

रविवारी येताना पट्ट्या मी आणते. तोवर गोळी किती वाजता घेतली आणि पाय कधी अडले, एवढं कॅलेंडरवर लिहून ठेवा. डॉक्टरांना वेळा बसवायला त्याचा फार उपयोग होतो.

तुमची लेक