फ्लाय फिशिंग म्हणजे लांब फेक नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत फ्लाय फिशिंगवरचा, म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून किड्यासारखी केलेली फ्लाय वापरून मासे पकडण्यावरचा लेख वाचला, खूप बरं वाटलं कारण या विषयावर मराठीत फारसं कुणी लिहीतच नाही. पण लेखाचा सगळा भर रॉड कोणता घ्यावा आणि फेक किती लांब जावी यावरच होता, ऐंशी फूट लाइन, म्हणजे रॉडची दोरी, टाकता आली की माणूस तयार झाला असा एकूण सूर होता, आणि ते वाचून नदीवर पहिल्यांदा जाणारा माणूस नेमकं तेच करत बसेल म्हणून हे पत्र लिहितोय. नदीतली ट्राउट, म्हणजे थंड पाण्यातला मासा, बहुतेक वेळा पंचवीस-तीस फुटांच्या आतच सापडते. ती फसते ते फ्लाय पाण्याबरोबर अगदी मोकळी वाहत आली तर, आणि त्यावर लेखात एक ओळसुद्धा नाही.

नदीचं पाणी सगळीकडे एका वेगानं वाहत नाही हे काठावर दोन मिनिटं उभं राहिलं तरी दिसतं. मधली धार जोरात, काठाचं पाणी संथ, दगडामागे तर जवळजवळ थांबलेलं. आता तुम्ही धारेपलीकडच्या संथ पाण्यात फ्लाय टाकली की मधली लाइन जोरात पुढे जाते, तिला बाक येतो आणि ती फ्लायला ओढायला लागते, यालाच ड्रॅग म्हणतात. कधी कधी तो डोळ्यांना दिसतो, फ्लायच्या मागे छोटी रेघ उमटते, पण पुष्कळदा आपल्याला काहीच कळत नाही आणि माशाला मात्र कळतं. मासा वर येतो, फ्लायच्या खाली नाक आणतो, तिच्याबरोबर हातभर मागे सरकतो आणि तोंड न उघडता परत तळाला जातो, असं दिसलं की लोक लगेच डबी उघडून फ्लाय बदलायला घेतात. माझ्या मते फ्लाय बदलायच्या आधी लाइन कशी पडतेय ते बघावं.

यावरचा उपाय म्हणजे मेंडिंग. लाइन पाण्यावर पडली रे पडली की रॉडचं टोक उंच करून लाइनचा मधला भाग अलगद उचलायचा आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवायचा, म्हणजे धारेला तो बाक खाली न्यायला वेळ लागतो आणि तेवढी सेकंदं फ्लाय मोकळी वाहते. तुमच्या आणि फ्लायच्या मध्ये संथ पाणी असेल आणि फ्लाय धारेत असेल तर उलट, लाइन खालच्या अंगाला टाकायची. लाइन उचलायची, पाण्यावरून फरफटवायची नाही, आणि उशीर करायचा नाही, एकदा ओढ बसली की मग मेंड करताना फ्लायच जागची हलते. पुढची पायरी रीच कास्ट, म्हणजे फेक पूर्ण होऊन लाइन हवेत असतानाच हात वरच्या अंगाला लांब न्यायचा, लाइन पडतानाच मेंड होऊन पडते. हे वीस फुटांवर जमायला लागलं की मासे मिळायला लागतात.

फेकीचंही तेच, समजून घेतली तर सोपी आहे. साध्या गळात शिशाचं वजन दोरी घेऊन जातं, इथे उलट, फ्लायला वजनच नसतं म्हणून लाइनचं वजन फ्लायला घेऊन जातं. म्हणून तर लाइनीला नंबर वजनावरून असतो, टोकाकडच्या पहिल्या ३० फुटांचं वजन धरतात आणि ५ नंबरच्या लाइनीत ते १४० ग्रेन म्हणजे साधारण ९ ग्रॅम भरतं. रॉडचा नंबर त्या लाइनीशी जुळला पाहिजे, बस. नऊ फुटी ५ नंबरचा रॉड बऱ्याचशा ट्राउटच्या नद्यांना पुरतो आणि सगळ्यात महागडा घेतला म्हणून मासा जास्त येत नाही. हात सावकाश सुरू करायचा, वेग वाढवत न्यायचा आणि झटक्यात थांबवायचा, लूप, म्हणजे लाइनचा हवेतला वळसा, तयार होतो तो या थांबण्यातून. मागची लाइन पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, वाटलं तर मान वळवून बघावं, त्यात कमीपणा नाही. सुरुवातीलाच जोर मारला तर लाइन स्वतःलाच अडकते आणि लीडरवर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधल्या बारीक दोऱ्यावर, बारीक गाठी बसतात, तिथूनच तो तुटतो. मागे झाडी असेल तर रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न नेता पुढे गुंडाळत टाकायची फेक, तो तर पहिल्या दिवशीच शिकून घ्यावा.

टिपेटचे, म्हणजे लीडरच्या फ्लायकडच्या सगळ्यात बारीक टोकाचे आकडे लोकांना उगाच अवघड वाटतात. एक्सच्या आधीचा आकडा ११ मधून वजा केला की इंचाच्या हजाराव्या भागात जाडी मिळते, म्हणजे ५ एक्स म्हणजे ०.००६ इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर. गळाच्या नंबराला तीननं भागलं की कोणतं टिपेट लावायचं त्याचा अंदाज येतो, १४ नंबरच्या फ्लायला ४ किंवा ५ एक्स चालतं. गाठ आवळायच्या आधी थुंकीनं ओली करायची, कोरडी आवळली तर घासून नायलॉन कमजोर होतं.

आणि मासा कुठे असतो ते. त्याला कमी ताकदीत जास्त खाणं हवं असतं, म्हणून तो जोरदार धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना लागून वाहतात त्या रेषेवर असतो, नाहीतर दगडाच्या मागे आणि पुढेसुद्धा, खळाळ संपून डोह सुरू होतो त्या तोंडाशी. तोंड प्रवाहाकडे असतं, थेट मागचं त्याला दिसत नाही, म्हणून खालच्या अंगानं वर जायचं. पाण्याखालून त्याला बाहेरचं जग डोक्यावरच्या ९७ अंशांच्या गोल खिडकीतूनच दिसतं, बाकी सगळा पृष्ठभाग त्याला आरशासारखा. खिडकीच्या कडेला पाण्यालगतच्या दहाएक अंशांतलं सगळं इतकं चेपलं जातं की त्याला जवळपास काही समजत नाही. तीस फुटांवर दहा अंश म्हणजे साधारण पाच फुटांची उंची, पंधरा फुटांवर तीच अडीच फूट होते, म्हणजे जवळ जायचं तर वाकून नाहीतर गुडघ्यावर. पहिली फेक नेहमी काठालगत, पाण्यात उतरायच्या आधी. लोक सरळ धाडधाड पाण्यात शिरतात आणि जिथे मासे होते तिथेच उभे राहून समोरच्या काठावर फेकत बसतात.

पाण्यावर काही हलत नसेल तर निम्फ, म्हणजे पाण्याखाली बुडणारी फ्लाय, लावावी, ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखालीच होतं. तळाजवळून, पाण्याच्या वेगानं, आणि इंडिकेटर, म्हणजे वर तरंगणारा खुणेचा छोटा गोळा, जरासा जरी अडखळला तरी रॉड उचलायचा.

आता लेखासोबतच्या फोटोबद्दल. त्यात कोरड्या हातांनी मासा छातीपर्यंत उचललाय, खाली दगड, आणि ओळ अशी की नंतर सोडून दिला. मला ते बघवलं नाही. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला संसर्गापासून वाचवतो, कोरड्या हातानं तो निघून जातो. गळाच्या टोकामागचा उलटा काटा चिमट्यानं आधीच दाबून टाकावा, हात ओले करावेत, रबरी जाळीत मासा पाण्यातच ठेवून गळ काढावा, फोटो हवाच तर काही सेकंद आणि पाण्यालगत, मग तोंड हळू प्रवाहाकडे करून तो स्वतःहून सुटेपर्यंत धरावा. पाणी २० अंश सेल्सियसच्या वर गेलं तर ट्राउटला हात लावूच नये. १० अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, २० अंशांना तो ९ च्या आसपास येतो, आणि माशाची गरज मात्र वाढलेली असते, त्यात तो गळाला झुंजून दमलेला, पोहत गेला म्हणजे जगला असं नाही. खिशात साधा थर्मामीटर ठेवला तर हे समजतं, आणि लेखातल्या साहित्याच्या लांबलचक यादीत तो नव्हता. एका नदीतून दुसरीकडे जाताना बूट आणि वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची जलरोधक पँट, धुऊन पूर्ण वाळवावेत, डिडिमो नावाचं शेवाळ असंच पसरतं, न्यूझीलंडनं तर २००८ मध्ये बुटांच्या फेल्टच्या, म्हणजे नमद्यासारख्या कापडाच्या, तळव्यांवर बंदी घातली. वेडरवर पट्टा बांधलेलाच असावा हेही सांगायला हवं होतं, पडलात तर आत भरणारं पाणी तो बऱ्यापैकी अडवतो.

पुढच्या भागात मेंडिंगची आणि मासा सोडायच्या पद्धतीची चित्रं छापावीत आणि तो फोटो पुन्हा वापरू नये, एवढी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक