आजारपणात हप्ता थांबवायची सोय हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पेपरात आतल्या पानावर अधूनमधून एक छोटी बातमी असते, ‘कर्जाला कंटाळून’ एवढे दोन शब्द आणि पुढे गावाचं नाव. ती मी दर वेळी दोनदा वाचते, कारण २०२३ च्या पावसाळ्यात माझ्याबद्दलही तशीच बातमी आली असती.

मला बायपोलर आहे. म्हणजे काही आठवडे डोकं भलतंच जोरात पळतं, झोप दोन तासांवर येते, आपल्याला सगळं जमणार असं वाटतं, आणि मग एकदम खाली. त्या जोरातल्या दिवसांत पैसा हातातून सुटणं हा आजाराचाच भाग आहे, डॉक्टर तपासताना झोपेबरोबर खर्चाचंही विचारतात. पण घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि बँकेला ती उधळपट्टीच दिसते.

त्या फेब्रुवारीत मी १९ दिवसांत सात शिलाई मशिनी घेतल्या. बायकांना काम द्यायचं, शाळांचे युनिफॉर्म शिवायचे, सगळा प्लॅन रात्री तीन वाजता वहीत लिहिलेला. मिस्टर एसटीत आहेत, मुक्कामी गाडीवरून सकाळी घरी आले तर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. क्रेडिट कार्ड आणि तीन लोन अॅप मिळून ४ लाख ६० हजार झाले होते आणि माझा पगार २६ हजार. फोनवर आधार, पॅन, एक सेल्फी, ओटीपी, की दहा मिनिटांत पैसे खात्यात. अॅपवरचं कर्ज पहिल्या काही दिवसांत परत केलं तर दंड नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, चांगलाच आहे तो, पण माझी ती अवस्था तीन-चार आठवडे टिकते, भानावर येईपर्यंत ती मुदत कधीच गेलेली असते.

मग २२ दिवस अॅडमिट. फोन लॉकरमध्ये. डिस्चार्जच्या दिवशी चालू केला तर १४३ मिस्ड कॉल. मधल्या काळात वसुलीवाल्याने मी नोकरी करते त्या शाळेच्या ऑफिसात फोन करून हेडक्लार्कांना सगळं सांगितलं होतं. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, नातेवाईक-ओळखीच्यांना त्रास द्यायचा नाही हे रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्येच बजावलंय, पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं आणि माहीत असतं तरी भांडायची ताकद कुठे होती.

त्यानंतरचा खालचा काळ मला आजही नीट आठवत नाही. एवढं आठवतं की फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं म्हणून मी तो गव्हाच्या डब्यात खुपसून ठेवायचे. कार्डाचं बिल उघडायचं नाही, कधी उघडलंच तर ‘मिनिमम ड्यू’ भरायचं आणि वाटायचं सुटलो, तर बाकीवर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज चढत होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, गोळ्या आणि त्यांतल्या लिथियमची रक्तातली पातळी बघायची तपासणी मिळून महिन्याला साधारण अठराशे जायचे, ते हप्त्यात टाकू म्हणून मी मिस्टरांना न सांगता गोळ्या निम्म्या केल्या. जुलैत परत अॅडमिट. म्हणजे अठराशे वाचवायला गेले आणि हॉस्पिटलचं बिल वर. मेडिक्लेमवाल्यांनी ‘मानसिक आजार पॉलिसीत बसत नाही’ असं कळवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २१ मध्ये शारीरिक आजारासारखाच याचाही विमा द्यायला हवा असं लिहिलंय, ते दाखवून लेखी तक्रार केली तेव्हा पैसे आले.

मला यातून बाहेर काढलं माझ्या धाकट्या जावेनं. ती पतसंस्थेत आहे. एका रविवारी आली, गव्हाच्या डब्यातून फोन काढला, कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला सगळी कर्जं लिहून काढली, कुणाचं किती, व्याज किती, तारीख कुठली. त्याच्याही वर तिनं लिहिलं, भाडं, किराणा, गोळ्या. म्हणाली, ‘ताई, या तीन ओळी कुणाच्या बापाला देऊ नका, उरेल त्यातून बाकीचे.’ मग डॉक्टरांचं पत्र जोडून चौघांनाही मेल केले. बँकेनं कार्डाची थकबाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत करून दिली. एका अॅपच्या माणसाशी मी स्वतः बोलले, तो चांगलाच बोलला बिचारा, पण म्हणाला, ‘मॅडम, सिस्टीममध्ये असा ऑप्शनच नाही.’

संपादक साहेब, हे पत्र मी त्या एका वाक्यासाठी लिहितेय. मार्च २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा रिझर्व्ह बँकेनं हप्ते थांबवायची मुभा दिली, ती ऑगस्टपर्यंत चालली. पूर, दुष्काळ पडला की पीककर्जाचं पुनर्गठन होतं. तेव्हा ऑप्शन तयार होतो. मग माणूस मनोरुग्णालयात अॅडमिट आहे, त्याच्या हातात फोनसुद्धा नाही, त्या दिवसांसाठी का नाही? इंग्लंड आणि वेल्समध्ये मे २०२१ पासून ‘ब्रीदिंग स्पेस’ नावाची सोय आहे, मानसिक आजाराच्या तातडीच्या उपचारावर असलेल्या माणसाचं तज्ज्ञानं प्रमाणपत्र दिलं की उपचार चालू असेपर्यंत आणि वर ३० दिवस बहुतेक कर्जांवरचं व्याज, दंड आणि वसुलीचे फोन थांबतात. कर्ज माफ होत नाही. मलाही माफी नकोय, मी घेतलंय, मी फेडणार. फक्त आजारी असताना मीटर थांबवा आणि फोन थांबवा.

यात एक भीती आहे तीही लिहिते. असा नियम आला आणि बँकांनी त्याची यादी करून ‘हिला पुढे कर्ज नको’ असं ठरवलं तर आमच्यातलं कुणीच प्रमाणपत्र देणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे आणि कलम १३ मध्ये आपले पैशाचे व्यवहार आपण बघायचा, बँकेचं कर्ज मिळण्याचा हक्क आहे. त्यामुळे ही माहिती त्या सवलतीपुरतीच वापरायची, हे नियमातच हवं.

नियम येईल तेव्हा येईल, तोवर जे घरात करता येतं ते आम्ही केलंय. बरी असतानाच कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करून लिमिट ५ हजारांवर आणलं, पगाराचं खातं दोघांच्या सहीचं केलं, आणि झोप सलग तीन रात्री चार तासांच्या आत आली की फोन मिस्टरांकडे द्यायचा हे मीच लिहून फ्रिजवर लावलंय. वसुलीवाले नियम मोडत असतील तर आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी फोन १४४४८.

तुमच्याकडे एक मागणं आहे. ‘कर्जाला कंटाळून’ अशी बातमी छापाल तेव्हा खाली टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर छापा, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. त्या पावसाळ्यात मला तो कुणी सांगितला नव्हता.

मशिनी पाच विकल्या, निम्म्या किमतीत. दोन ठेवल्यात. अजून ९२ हजार बाकी आहेत, दर ५ तारखेला हप्ता गेला की जाऊ फोन करते आणि मी कॅलेंडरवर टिक करते.

नाव छापू नये ही विनंती, शाळेत अजून दोघांनाच माहीत आहे.

कळावे,
आपली एक वाचक, सातारा