मुरणारी रेड वाइन बागेतच ठरते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या वाइनविषयी काहीही छापून आले की 'वाइन जितकी जुनी तितकी चांगली' हे वाक्य त्यात हमखास असते. ते चुकीचे आहे, आणि त्याचा फटका ग्राहक व बागायतदार दोघांनाही बसतो. दोन-तीन वर्षांत संपवायची शिराझ ही रेड वाइन लोक शोकेसमध्ये आठ-दहा वर्षे जपतात आणि उघडल्यावर उतरलेली निघाली की नाशिकच्या मालाला नावे ठेवतात. जगातली बहुतेक वाइन लवकर प्यायचीच असते. वर्षानुवर्षे मुरणारी फार थोडी, आणि तिची तयारी बागेतच सुरू होते.

इटलीच्या तोस्काना भागातल्या मोंताल्चिनो गावची ब्रुनेल्लो ही रेड वाइन पाहा. ती सांजोवेझे या एकाच जातीच्या द्राक्षांची. हेक्टरी ८ टनांपेक्षा जास्त माल धरता येत नाही. वाइन किमान दोन वर्षे ओकच्या पिंपात आणि नंतर किमान चार महिने बाटलीत राहते. २०२० च्या तोडणीची ब्रुनेल्लो १ जानेवारी २०२५ पूर्वी बाजारात आणता येत नव्हती. 'रिझर्व्हा' या जास्त मुरवलेल्या ब्रुनेल्लोला त्याहून एक वर्ष जास्त.

या वाइनची घडी बसवली ती इल ग्रेप्पो या मळ्यावरच्या ब्योंदी-सांती घराण्याने. फेरुच्यो ब्योंदी-सांती यांची १८८८ ची वाइन ही ब्रुनेल्लोची सुरुवात मानली जाते. त्यांचे नातू फ्रांको (निधन २०१३) यांनी वेलींच्या वयावरून माल वेगळा काढला. दहा वर्षांखालच्या वेलींची द्राक्षे रोस्सो या साध्या रेडला, दहा ते पंचवीस वर्षांच्या वेलींची ब्रुनेल्लोला आणि पंचवीस वर्षांवरच्या वेलींची रिझर्व्हाला, तीही हंगाम उत्तम असेल तेव्हाच. जुन्या रिझर्व्हाच्या बाटलीत पातळी खाली गेली की ती उघडून चव घ्यायची, त्याच सालच्या वाइनने भरायची आणि नवा कॉर्क बसवायचा, हीसुद्धा याच घराची पद्धत. पुढे बहुतांश मालकी फ्रेंच कंपनीकडे गेली, पण एकाच घराने पिढ्यान्‌पिढ्या तेच वेल राखल्याशिवाय असे काम उभे राहत नाही.

आता नाशिक. समुद्रसपाटीपासूनची उंची दोन्हीकडे जवळपास सारखी, साडेपाचशे-सहाशे मीटर. फरक हवामानाच्या दिशेत आहे. मोंताल्चिनोत द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिकते, रात्री गार होत जातात आणि मण्यातली आम्लता टिकते. आपल्याकडे फळासाठीची गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते आणि माल फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढत असताना तयार होतो. साखर भराभर वाढते, आम्लता तितक्याच वेगाने उतरते आणि सालीतले व बियांतले टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, पिकायचे राहून जाते. ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप) २४ दिसतो, पण बी चावून पाहिली तर हिरवी, तुरट आणि कडू लागते. छाटणी लवकर घेतली तर तोडणी थंडीत येते, पण परतीच्या पावसात फुलोऱ्यावर डाऊनी हा बुरशीचा रोग बसण्याची भीती असते. म्हणून सगळी बाग एकाच दिवशी न छाटता प्लॉट पाडून छाटावी आणि तोडणी पहाटेच उरकावी.

सर्वांत मोठी चूक पोटॅशची. खाण्याच्या द्राक्षांना मण्यात पाणी उतरताना, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागताना, शून्य-शून्य-पन्नास हे पोटॅशचे खत सोडायची सवय हाताला बसलेली असते. वाइनच्या बागेत देठ-पान परीक्षण न करता तेच केले तर पोटॅशियम रसात उतरते, टार्टारिक आम्लाला बांधून घेते आणि पीएच चढतो, म्हणजे आंबटपणा घटतो. ज्यावर कलम बांधतात तो डॉग्रिज खुंट पोटॅशियम आधीच भरपूर उचलतो. पीएच ३.५ असेल तर वाइन राखायला लिटरमागे साधारण ४० मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइड पुरतो, ३.८ ला तेवढ्याच संरक्षणासाठी ८० च्या आसपास लागतो. इतका कोणी घालत नाही. मग रंग विटकरी पडतो, जिवाणू वाढतात आणि वाइन दोन-तीन वर्षांत खचते. खुंटच बदलायचा असेल तर ११०-आर लावून पाहावा, आणि पाणी उतरण्याच्या सुमारास मागे राहिलेले हिरवे घड काढून टाकावेत.

पण घड काढायला बागायतदार तयार का होत नाही? कारण भाव किलोवर ठरतो. हेक्टरी ८ टन म्हणजे एकरी सव्वातीन टन. तेवढ्यावर थांबायला सांगायचे आणि पैसे वजनावर द्यायचे, हे न्यायाचे नाही. ज्या प्लॉटमधून मुरणारी रेड हवी, त्याचा करार वाइनरीने एकरावर करावा. हा मुद्दा आम्हाला सर्वांत कळीचा वाटतो.

घरी ठेवण्याविषयी थोडे. बाटलीला १२ ते १५ अंश तापमान, अंधार आणि थोडा दमटपणा लागतो. कॉर्क असेल तर आडवी ठेवावी. नाशिकचा मे चाळिशीला टेकतो. अशा घरात वाइन फुगून कॉर्क वर सरकतो, तोंडाशी चिकट ओघळ दिसतो आणि आतल्या मालाला शिजवलेल्या जॅमसारखा वास येतो. अशी बाटली पुन्हा थंड करून काही साधत नाही. वाइन-कूलर नसेल तर लागेल तेवढीच घ्यावी आणि वर्षभरात संपवावी. जुनी ब्रुनेल्लो हाती आलीच, तर ती आदल्या दिवसापासून उभी ठेवावी म्हणजे गाळ तळाशी बसतो. कॉर्क ठिसूळ झालेला असतो. दोन पात्यांच्या ओपनरने हलकेच काढावा. मानेखाली टॉर्च धरून एका दमात ओतावे आणि मानेत काळी रेघ दिसताच थांबावे. कोवळ्या ब्रुनेल्लोला दोन तास हवा द्यावी. तीस वर्षांची असेल तर लगेच प्यावी, ती पेल्यात झपाट्याने उतरते. 'रूम टेंपरेचर'ला वाढावी असे म्हणतात ते १६ ते १८ अंश. उन्हाळ्यात त्यासाठी बाटली काही वेळ फ्रिजमध्ये ठेवावी लागते.

नाशिकच्या वाइनरींनी प्रत्येक रेडच्या मागच्या लेबलवर तोडणीचे साल आणि ती किती वर्षांत प्यावी हे मराठीत छापावे. प्रत्येक तोडणीतल्या काही पेट्या थंड तळघरात राखून दरवर्षी एक बाटली उघडावी आणि पीएच, रंग व चव यांची नोंद ठेवावी. अशा नोंदी हाती आल्याशिवाय कोणत्याही नाशिकच्या रेडवर 'मुरवण्याजोगी' असे छापू नये, आणि आपल्या दैनिकानेही तसे लिहू नये, ही विनंती.

आपले,
वाइन द्राक्ष बागायतदार व तळघर कामगार,
दिंडोरी, जि. नाशिक