घड्याळाचे सगळे आकडे उजवीकडेच

महोदय,

वडिलांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला. हातपाय सावरले, बोलणे स्पष्ट, म्हणून घरी सोडले. पण ताटातली डावीकडची चटणी-कोशिंबीर रोज तशीच राहायची. आम्हाला वाटले, तोंडाची चव गेली! चार महिन्यांनी एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यांना घड्याळ काढायला लावले, अकरा वाजून दहा मिनिटांचे. बाराही आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने, डावी बाजू कोरी. डोळे शाबूत होते. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्याने डावीकडे लक्षच जात नव्हते.

एमआरआय इजा कुठे आहे ते दाखवतो, माणसाला सुट्या पैशांचा हिशेब जमेल की नाही ते सांगत नाही. त्यासाठी स्मरण, लक्ष, भाषा, नियोजन यांची वेगळी तपासणी लागते. सविस्तर करायची तर काही तास जातात, प्राथमिक चाचणी मात्र दहा-पंधरा मिनिटांत होते. नाशिकच्या रुग्णालयांनी निदान तेवढी तरी, मराठीतून, रुग्णाला घरी सोडण्याआधी करावी. आणि शिक्षण विचारूनच गुण द्यावेत. चौथी शिकलेल्या द्राक्षबागायतदाराला नि पदवीधराला एकच मोजपट्टी कशी लावणार?

त्या चार महिन्यांत वडील स्कूटरवरून रोज वर्दळीचा द्वारका चौक ओलांडत होते.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक